रॉयल ऑपेरा हाऊस : वास्तू एक, संसार अनेक

२ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले. दिल्ली दरबाराला जाण्याआधीचा हा मुंबईतला मुक्काम. बंदरावर स्वागतासाठी जो पांढराशुभ्र मंडप उभारला होता तो तात्पुरता होता. त्या भेटीचे स्मारक म्हणून दगडी गेटवे ऑफ इंडिया पुरा व्हायला १९२४ साल उजाडले. शहराने त्या मुक्कामात राजाच्या हस्ते आणखी एका अपुऱ्या कामाचे उद्घाटन उरकून घेतले. गिरगावच्या टोकाला, चर्नी रोड स्थानकाजवळ उभ्या राहत असलेल्या नाट्यगृहाचे. परांच्या, चुन्याच्या घाणी आणि गवंडी अजून हटले नव्हते. प्रेक्षकांसाठी दारे उघडली ती १९१२ मध्ये, आणि इमारतीत भर घालण्याचे काम पुढे १९१५ पर्यंत रेंगाळले. नावात मात्र ‘रॉयल’ पहिल्यापासून होते.

ही कल्पना १९०८ मधली, आणि ती सरकारची नव्हती की एखाद्या संस्थानिकाचीही नव्हती. मॉरिस बँडमन हा नाटकधंद्यात मुरलेला माणूस कलकत्त्यात ठाण मांडून होता. वडील डॅनियल बँडमन शेक्सपिअरची नाटके करत देशोदेशी फिरलेले नट. मुलाने अभिनयापेक्षा हिशेबात जास्त लक्ष घातले. जिब्राल्टरपासून जपानपर्यंत बोटी जिथे जिथे लागत तिथे तिथे त्याच्या कंपन्या खेळ लावत. कपडे, पडदे, नट आणि वादक असा सगळा बारदाना बोटीतून फिरे. अशा माणसाला मुंबईत कायमचा, हक्काचा रंगमंच हवा होता. त्याला जोडीदार मिळाले जहांगीर फ्रामजी कराका, कोळशाची दलाली करणाऱ्या पेढीचे प्रमुख. एकाने धंद्याची नजर आणली, दुसऱ्याने मुंबईचे बस्तान. मुंबईतल्या करमणुकीच्या इतिहासात पारशी भांडवल आणि फिरती विलायती मंडळी यांची सांगड नवी नव्हती. पण तिच्यातून एवढी देखणी इमारत क्वचितच उभी राहिली असेल.

जागेची निवड चतुर होती. नाटकांचे जुने ठाणे ग्रँट रोड. तिथे जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ मध्ये नाट्यगृह उभे राहिले होते आणि १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांनी आपली नाटके त्याच मंचावर केली. पुढे त्या रस्त्यावर थिएटरांची रांगच लागली. साहेबलोकांची वहिवाट मात्र फोर्टातल्या थिएटरांकडे. ऑपेरा हाऊससाठी या दोहोंच्या अधलीमधली जागा निवडली गेली. मलबार हिलच्या बंगल्यांतून घोडागाडीने उतरणाऱ्याला ती जवळ, आणि गिरगावच्या चाळीतून चालत निघणाऱ्यालाही जवळ. आगगाडी तर पायाशीच.

इमारतीच्या शैलीकडे वळताना तो काळ लक्षात घ्यायला हवा. मुंबईतल्या सरकारी इमारतींवर तेव्हा इंडो-सारसेनिक पद्धतीचे राज्य होते. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम आकाराला येत होते, जॉन बेग यांचे जनरल पोस्ट ऑफिस विजापूरच्या घुमटांची आठवण करून देत १९१३ मध्ये पुरे झाले, आणि गेटवेतही गुजराती नक्षी व इस्लामी कमान एकत्र नांदणार होती. सरकार हिंदुस्थानी पोशाख चढवत असताना या खासगी नाट्यगृहाने थेट युरोपातला बरोक अंगरखा निवडला. अर्धगोल कमानी, जोडीजोडीने उभे खांब, माथ्यावर त्रिकोणी शिखर, कठड्यांच्या ओळी, आणि जिथे मोकळी जागा सापडेल तिथे गिलाव्यातली वेलबुट्टी. बारकाव्यांत भारतीय हातही डोकावतो, पण एकूण थाट लंडनच्या त्या काळच्या थिएटरांचा. धंद्याच्या दृष्टीने हे अगदी बरोबर होते. तिकीट काढणाऱ्याला ‘परदेशात आलो’ असे वाटायला लावणे हाच तर खेळाचा पहिला अंक होता.

रस्त्यावरून आज पाहणाऱ्याला मूळ इमारत एकदम दिसत नाही. पुढे अंगण आहे, रस्त्याच्या कडेने नंतर वाढलेली बैठी, लांबट बाजू आहे, आणि तिच्या आड खरा दर्शनी भाग मागे सरून उभा आहे. वास्तूच्या सौंदर्यावर या वाढीने थोडा अन्याय केला हे खरे. पण गोंगाट आणि गर्दी मागे टाकून आत शिरल्यावर अचानक समोर येणारे ते शिखर पाहिले, की या आडोशाबद्दल फार तक्रार करावीशी वाटत नाही.

आत पाऊल टाकताच दालनात डोक्यावर घुमट येतो. त्याचे आठ भाग पाडलेले आहेत आणि ते कवी, नाटककार, कादंबरीकार अशा शब्दसृष्टीच्या मानकऱ्यांना वाहिलेले आहेत. या दालनातली झुंबरे ससून घराण्याने दिलेली. भायखळ्यात ससूनांचा ‘सां सुसी’ नावाचा प्रासाद होता, तिथे आता मसीना रुग्णालय आहे. झुंबरांनाही तेच नाव चिकटले आहे. बगदादहून आलेल्या ज्यू व्यापारी घराण्याची झुंबरे, पारशी दलालाचे भांडवल, न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या, कलकत्त्यात स्थायिक झालेल्या माणसाची कल्पना आणि गिरगावची जमीन. त्या काळची मुंबई समजून घ्यायला हे एक दालन पुरेसे आहे.

प्रेक्षागार तीन थरांचे. खाली समोरच्या खुर्च्या, वर ड्रेस सर्कल, त्याच्याही वर बाल्कनी. शिवाय कोच मांडलेले बॉक्स आणि रंगमंचाच्या दोन्ही अंगांना मानाचे बॉक्स. या बाजूच्या बॉक्सांबद्दल एक गंमत सांगायला हवी. तिथून रंगमंच धड दिसत नाही, तिरका दिसतो, कोपरा कापला जातो. तरीही ते सर्वांत महाग, कारण तिथे बसणाऱ्याला नाटक पाहण्यापेक्षा आपण दिसणे महत्त्वाचे असे. युरोपातल्या ऑपेरा थिएटरांची ही जुनीच रीत, आणि तिला इथल्या शेठसावकारांनी व संस्थानिकांनी मनापासून दाद दिली.

वास्तूचा खरा कस मात्र कानाला लागतो. १९१२ मध्ये ध्वनिक्षेपक नव्हता. गायकाचा आवाज, वादकांचा मेळ आणि शेवटच्या रांगेतला स्वस्त तिकिटाचा प्रेक्षक यांच्यामध्ये फक्त हवा, भिंत आणि छत. छताचा घाट असा साधलेला होता की वरच्या गॅलरीत बसलेल्यालाही शब्द न् शब्द ऐकू जावा, आणि या गुणाचे कौतुक सुरुवातीपासून झाले. त्यामागे जादू नव्हती. खोली फार लांब ठेवली नाही. प्रेक्षकांना जमिनीवर दूरवर पसरवण्याऐवजी उंचीत रचले, म्हणजे शेवटचा माणूसही नटापासून फारसा लांब नाही. गिलाव्याच्या वक्र पृष्ठभागांनी आवाज परतवला, कंगोऱ्यांनी आणि नक्षीने तो फोडून विखुरला, आणि खुर्च्यांचे कापड, लाकूड, पडदे यांनी जास्तीचा घुमारा गिळला. ज्याला आपण निव्वळ सजावट समजतो त्या पानाफुलांपैकी बरीचशी कामाला जुंपलेली होती. रंगमंच आणि पहिली रांग यांच्यामध्ये वादकांचा खड्डा, म्हणजे ऑर्केस्ट्रा पिट. वाद्ये खाली, कंठ वर. हा हिशेब युरोपातल्या ऑपेरासाठी मांडलेला होता, पण तो वेगळ्याच लोकांच्या उपयोगी पडला.

कारण ऑपेरा हाऊसमध्ये ऑपेरा फारसा झालाच नाही. बँडमनच्या कंपन्या खेळ करत ते मुख्यतः लंडनमध्ये गाजलेल्या हलक्याफुलक्या संगीत प्रहसनांचे. गाणी, नाच, विनोद, झगमगाट. जड इटालियन ऑपेरा बोटीवर चढवून मुंबईत आणणे परवडणारे नव्हते आणि इथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनाही दिवसभराच्या कामानंतर तो झेपला नसता. बँडमन १९२२ मध्ये जिब्राल्टरला वारला आणि त्याच्याबरोबर फिरत्या विलायती कंपन्यांचा तो काळही ओसरला.

दरम्यान याच शहरात संगीत नाटक आपल्या भर ज्वानीत होते. ज्या १९११ साली राजाने ऑपेरा हाऊसचे उद्घाटन केले, त्याच सालच्या मार्चमध्ये खाडिलकरांचे ‘मानापमान’ किर्लोस्कर मंडळींनी मुंबईत रंगमंचावर आणले होते. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, १९१८ मध्ये दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. बालगंधर्व आणि दीनानाथ या दोघांचेही पाय ऑपेरा हाऊसच्या रंगमंचाला लागले. त्या काळातली सर्वांत गाजलेली मराठी रात्र मात्र या वास्तूच्या वाट्याला आली नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचे टिळक स्वराज्य फंडासाठी झालेले ‘संयुक्त मानापमान’ ८ जुलै १९२१ रोजी ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात झाले.

तरीही मराठी संगीत नाटक आणि हे नाट्यगृह यांचे जमले असणार यात नवल नाही. ऑर्गन, सारंगी आणि तबला यांच्या साथीने, कोणत्याही यंत्राशिवाय, चार-पाच तास गायचे. एखाद्या पदाला ‘वन्समोअर’ मिळत राहिला की घड्याळ विसरायचे. अशा गायकाला लागते ती ऐकू येणारी खोली. युरोपातल्या कंठसंगीतासाठी बांधलेल्या खोलीत नाट्यपदाची तान तितक्याच सुखाने फिरते, कारण छताला भाषा कळत नाही. गंधर्वांच्या रंगमंचावरचे जरतारी शालू, भरगच्च पडदे आणि अत्तराचा फवारा यांनाही ती सोनेरी, लाल मखमली चौकट परकी वाटली नसेल.

चित्रपट या वास्तूत चोरपावलांनी आला. १९१७ पासूनच नाटकांच्या जोडीने मूकपट दाखवले जाऊ लागले होते. नंतर जे झाले ते गिरगावातच, अगदी जवळच्या मॅजेस्टिक सिनेमात. तिथे १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ लागला आणि ६ फेब्रुवारी १९३२ रोजी ‘अयोध्येचा राजा’. मराठी पडदा बोलू लागला आणि नाटक कंपन्यांचे दिवस भरले. १९३५ हे साल या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त पडद्यावर आले. त्याच वर्षी गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघाची स्थापना झाली. पुढे मराठी रंगभूमीला सावरण्यात संघाचा वाटा मोठा ठरला. आणि त्याच वर्षी आयडियल पिक्चर्सने ऑपेरा हाऊस घेऊन त्याचा सिनेमा केला.

सिनेमा करणे म्हणजे पांढरा पडदा टांगणे नव्हे. बाजूच्या बॉक्समधून नट तिरका का होईना, पण दिसतो. सपाट पडद्यावरचे चित्र तिरक्या नजरेने पाहिले तर माणसे काड्यांसारखी होतात. म्हणून ते बॉक्स गेले. मागे प्रोजेक्टरची खोली लागली. रंगमंचाच्या तोंडाशी बदल झाले, जुन्या नक्षीवर तीसच्या दशकातल्या आर्ट डेकोच्या सरळ रेषा चढल्या. ज्या खोलीची सगळी किमया जिवंत आवाजात होती तिला आता ध्वनिक्षेपकातून आवाज पुरवला जाऊ लागला. वास्तुप्रेमी या मोडतोडीबद्दल हळहळतात आणि ते योग्यच आहे. पण याच काळात ग्रँट रोडवरची आणि फोर्टातली किती जुनी नाट्यगृहे ओळखू येणार नाहीत इतकी बदलली किंवा पार नाहीशी झाली, हे आठवले तर १९३५ च्या मालकाला थोडे श्रेय द्यावे लागते. सिनेमाने बॉक्स खाल्ले, पण छप्पर राखले.

या सिनेमाघरात रंगमंच पूर्णपणे मेला नव्हता याची साक्ष पृथ्वीराज कपूर यांनी दिली. त्यांनी १९४४ मध्ये काढलेले पृथ्वी थिएटर्स गावोगाव फिरे. मुंबईतला त्यांचा आधार हे ऑपेरा हाऊस. दुपार-संध्याकाळ चित्रपटांची, म्हणून नाटके सकाळी. १९४५ मधल्या ‘दीवार’मध्ये परक्या बाईच्या नादी लागून घर विभागले जाण्याची गोष्ट होती आणि फाळणीच्या तोंडावर तिचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. मग ‘पठान’, ‘गद्दार’, ‘आहुति’. प्रयोग संपला की पृथ्वीराज दाराशी झोळी पसरून, मान खाली घालून उभे राहत. प्रेक्षक बाहेर पडताना मदतनिधीसाठी तिच्यात पैसे टाकत. राजेरजवाडे ज्या दालनातून मिरवत गेले त्याच दालनात हे घडत होते. १९६० मध्ये पृथ्वी थिएटर्स बंद झाले.

१९५२ मध्ये सौराष्ट्रातल्या गोंडल संस्थानचे महाराज विक्रमसिंहजी यांनी ही मालमत्ता विकत घेतली आणि तेव्हापासून ती त्या घराण्याकडे आहे. पुढची चार दशके चित्रपटांची. आजूबाजूला लॅमिंग्टन रोडवर मिनर्व्हा, अप्सरा, स्वस्तिक, नाझ अशी चित्रपटगृहे. नाझच्या इमारतीत वितरकांची कार्यालये. हिंदी सिनेमाच्या नफ्यातोट्याचे भवितव्य या पट्ट्यात ठरत असे. नंतर शेजारी हिरेबाजार भरला, पंचरत्नसारख्या उंच इमारती आल्या, फुटपाथवर कागदाच्या पुड्या उघडून खडे दाखवणारे दलाल आले. ‘ऑपेरा हाऊस’ हे इमारतीपेक्षा बसथांब्याचे आणि बाजाराचे नाव झाले. गिरगावची एक अख्खी पिढी ते रोज उच्चारत मोठी झाली. त्यांतल्या कित्येकांनी आत कधी पाऊल टाकले नाही.

व्हिडिओ आणि मग केबल टीव्हीने एकपडदा चित्रपटगृहांचा प्रेक्षक पळवला. १९९३ मध्ये ऑपेरा हाऊसला टाळे लागले.

हिरेबाजाराच्या पोटातली एवढी जमीन बंद इमारतीखाली राहावी, हे मुंबईच्या रिवाजाला सोडून होते. १९९५ मध्ये मुंबईत वारसा वास्तूंसाठी नियमावली आली, तिचा आधार झाला. मालकांनीही तिथे टॉवर उभारण्याचा मोह टाळला. पण बंद इमारतीला पाऊस सोडत नाही. छतातून पाणी झिरपले, लोखंडी तुळया गंजून फुगल्या आणि फुगताना त्यांनी भोवतालचा गिलावा फोडला, दर्शनी भागाच्या सांध्यांतून झाडे वाढली. २०१२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने आपल्या धोक्यातल्या वास्तूंच्या जागतिक यादीत या इमारतीचे नाव घातले.

तोवर काम सुरू झालेले होते. २००८ पासून वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली आधी सांगाड्याला आधार दिला गेला, मग छप्पर, मग अंतर्भाग. रंगरंगोटी सर्वांत शेवटी. हा क्रम उत्साही मंडळींना नेहमी खटकतो, कारण पहिली काही वर्षे खर्च दिसतो आणि शोभा दिसत नाही. त्यापेक्षा अवघड होता प्रश्न, वास्तू परत न्यायची ती कोणत्या सालात? १९३५ चे बदलही आता इतिहास झाले होते. निवड झाली ती बरोक नाट्यगृहाची. हरवलेल्या भागांचे पुरावे तुटपुंजे: थोडी जुनी छायाचित्रे, आणि नंतरच्या थरांखाली दडलेले मूळ नक्षीचे अवशेष. एका टोकाचा तुकडा सापडला की दुसऱ्या टोकाचा साचा त्यावरून काढायचा. काढून टाकलेले मानाचे बॉक्स छायाचित्रांवरून नव्याने बांधले गेले. रंगीत काचा, झुंबरे, घुमटाखालचे दालन पुन्हा उभे राहिले, आणि ज्या पिटात सिनेमाच्या काळात कुणाला काम उरले नव्हते तो वादकांसाठी परत मोकळा झाला. वातानुकूलन, नवी प्रकाशयोजना, ध्वनियंत्रणा हे सगळे आजच्या रंगमंचाला लागतेच. ते जुन्या गिलाव्याच्या आड बसवणे हे नक्षी घडवण्याहून सोपे काम नाही. काही कठोर परीक्षक म्हणतील की नव्याने घडवलेल्या बॉक्सला ‘जुने’ कसे म्हणायचे. प्रश्न रास्त आहे. मात्र बाजूच्या भिंती सपाट आणि भुंड्या ठेवल्या असत्या तर या प्रेक्षागाराचा घाटच कळला नसता.

ऑक्टोबर २०१६ मध्ये, तेवीस वर्षांनी, दारे उघडली. पहिल्या दिवसांत मामी चित्रपट महोत्सवाचा सोहळा झाला आणि सोप्रानो गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांचे गायन झाले. रोझारिओ मुंबईत जन्मलेल्या, मूळच्या गोव्याच्या आणि नाव कमावलेले इंग्लंडात. शंभर वर्षांपूर्वी ज्या प्रकारच्या गळ्यासाठी हे छत घडवले होते, तो गळा आता मुंबईकराचाच होता. २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारांत या कामाचा गौरव झाला. देशात टिकून असलेले हे एकमेव ऑपेरा हाऊस मानले जाते.

आता तिथे सुमारे ५७५ आसने आहेत. हा आकडा लहान आहे आणि त्याचे परिणाम थेट आहेत. दादरच्या शिवाजी मंदिराच्या किंवा गिरगावातल्याच साहित्य संघ मंदिराच्या हिशेबाने चालणाऱ्या व्यावसायिक मराठी नाटकाला अशा वातानुकूलित, झुंबरांच्या नाट्यगृहाचे गणित बसवताना तिकिटाचा दर चढवावा लागतो. त्यामुळे इथे जास्त करून पाश्चात्त्य आणि हिंदुस्थानी संगीताच्या मैफली, जॅझ, इंग्रजी-हिंदी नाटके, विनोदी कार्यक्रम, चित्रपट महोत्सवांचे खेळ होतात. संगीत नाटकांपैकी मोजकी जरी दरवर्षी या मंचावर ध्वनिक्षेपक बंद ठेवून लावली, तरी छताबद्दलची जुनी ख्याती तपासून पाहता येईल. पिटात ऑर्गन आणि तबला बसेल एवढी जागा नक्कीच आहे.